ओझ्याची उंची

नौसरीबाई पैसे घेऊन आल्या, फडक्यात बांधून.
आधी कतारहून पेटीतून मुलगा आला होता,
मग चार महिन्यांनी हे.
"चौतारी बांध," म्हणाल्या, "खिंडीच्या अलीकडे,
जिथं चढ संपला असं वाटतं
आणि संपलेला नसतो."

चौतारी म्हणजे दगडाचा पार, दोन पायऱ्यांचा.
खालच्या पायरीवर माणूस टेकतो,
वरच्या पायरीवर त्याचं ओझं.
मी विचारलं, वरची किती उंच?
बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.
पाठीवर रिकामी टोपली, पट्टा कपाळाला.
"हिचं बूड टेकेल इतकी."
मी सुतळी लावली, गाठ मारली.
तेवढंच माप. कागद नाही, काही नाही.

एकेचाळीस दिवस दगड फोडले.
मधे दोन दिवस ताप, ते धरलेले नाहीत.
मग वड आणि पिंपळ शेजारी लावले,
भटजींनी त्यांचं रीतसर लग्न लावलं,
आणि म्हणाले, करायचं ते करून मोकळं व्हावं,
फळाकडे डोळा ठेवू नये.
त्यांचा डोळा तांदळाच्या पुरचुंडीवर होता.
हसू नका. त्यांच्याही घरी खाणारी तोंडं होती.

"नाव काय कोरू, पोराचं?"
बाई बराच वेळ खाली दरीत बघत होत्या.
"नको. दमलेल्या माणसाला वाचायला लावू नये."

पण मी कोण? मी हर्कबीर, घणाचा माणूस.
खालच्या वाडीत अजून दोन घरं आहेत
जिथं माझ्या हातचं पाणी चालत नाही.
दगड चालतो.
म्हणून वरच्या पायरीच्या मधल्या शिळेला,
तळाच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी
एक हातोडी कोरली. करंगळीएवढी.
बाईंनी पोराचं नाव सोडलं,
मला माझी हातोडी सोडवेना.

तिसऱ्या वर्षी डोझर आला, पलीकडच्या डोंगरानं.
आता मीठ जीपनं येतं, सिमेंट जीपनं,
बाळंतीणसुद्धा जीपनं जाते. बरंच झालं की.
पायवाटेवर गवत माजलं.
खिंडीत थांबतो तो वारा, तोही बसत नाही.

नौसरीबाई मात्र पाण्याची घागर घेऊन चढत.
मी एकदा चिडूनच म्हटलं, आता कुणासाठी?
म्हणाल्या, "रस्ता झाल्याचं
झाडाला कुठं कुणी सांगितलंय?"
आणि पाणी घातलं. आधी वडाला,
मग पिंपळाला, मग उरलेलं पायावर.

गेल्या माघात त्या गेल्या.
घागर माझ्याकडे आली, कुणी दिली नाही,
तिथंच पडली होती.

परवा बघतो तर पिंपळाच्या मुळीनं
मधली शिळा उचललेली.
पहार घातली, एकट्यानं उलथली.
माझी हातोडी वर आली. विसरलोच होतो,
असं म्हणायला आवडलं असतं.
हातोडीच्या खाचेत मुंग्यांनी अंडी घातली होती,
दांड्यापासून डोक्यापर्यंत, पांढरी, दाटीनं.
ऊन लागताच एकेक अंडं तोंडात धरून
त्या पळायला लागल्या.
मी तंबाखू मळत बसलो,
त्यांचं घर हलेपर्यंत.
छिन्नी पिशवीत होती. खाच घासून टाकावी का?
घासली नाही. ठेवलीही नाही म्हणता येणार.
शिळा पालथी केली, मुळीला जागा सोडून बसवली.

मग सुतळी काढली, तीच, गाठीची.
शिळा अंगठाभर खाली बसली होती.
वाटेवर वर कुणी नाही, खाली कुणी नाही.
संध्याकाळ होत आलेली, कंबर धरलेली.

पुन्हा उचलली.