चारशे बारा

फळ्यावर खडूनं विषय लिहिला होता:
सगळ्यांचीच तपासणी, लगेच औषध – हो की नाही?
लष्करातल्या मंडळाचं सभागृह, डिसेंबर,
शाली, कानटोप्या, गजकाच्या पुड्या,
आणि शेवटच्या रांगेत मी,
पिशवीत रिकामा डबा.

डॉक्टर पाटणकर म्हणाले, सरसकट करा.
आधारला दहा बोटं दिलीत मुकाट्यानं,
इथं एकच मागतोय.
लोक हसले.
इंगळे वकीलबाई हसल्या नाहीत.
बोट देतील हो, म्हणाल्या, पण कागद कुणाच्या हाती लागेल?
भाड्याची खोली, शाळेतली नोकरी, ठरत आलेलं लग्न,
यांच्यावर कुठली गोळी आहे तुमच्याकडे?
त्यांचंही खरं होतं.
मग मुळ्ये सर. आपल्या घरांतून कशाला?
हजिऱ्याकडे करा, स्टेशनमागे करा.
टाळ्या पडल्या.
मी मोजल्या नाहीत. एरवी सगळं मोजते.

माझी खिडकी नऊ नंबरची.
टोच, थेंब, पट्टी, वीस मिनिटं.
पहिली रेघ सगळ्यांचीच उमटते,
ती फक्त सांगते की पट्टी चालू आहे.
माणसं तिलाच बघून घाबरतात.

एकाचं नाव सांगत नाही, नियम आहे.
लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा,
ओठांवर कायमचा वळ.
दोन रेघा आल्या. पुढच्या तपासणीत आकडा आला चारशे बारा.
तेव्हा पुस्तकात लिहिलं होतं,
साडेतीनशेच्या खाली गेला तर औषध सुरू करा.
तो म्हणाला, म्हणजे दीदी,
मी अजून पुरेसा आजारी नाही?
मी म्हटलं, एका परीनं चांगलंच आहे की.
सहा महिन्यांनी या.
हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं.
दुसऱ्या दिवशी तो अर्धा किलो गजक ठेवून गेला.

सहा महिन्यांनी लगनसरा होती.
त्यापुढच्या सहा महिन्यांनीही असेल.
तिसऱ्या हिवाळ्यात आला तो बायकोच्या खांद्यावर,
आकडा अडतीस.
बायको म्हणाली, माझं पण बघून घ्या, आलेच आहे तर.
बघितलं.
तिला वीस मिनिटं लागली नाहीत.

पुढं पुस्तकातला आकडा वाढवला, पाचशे केला,
मग काढूनच टाकला.
आता ज्या दिवशी कळतं त्या दिवशी गोळी.
परिपत्रक मीच भिंतीला चिकटवलं,
चारी कोपरे नीट दाबून.

हे सगळं सभेत सांगावं म्हणून हात वर केला,
अर्धाच.
माझ्या पुढच्या ओळीतली एक म्हातारी
हात न करताच उठली.
विचारलं, स्टेजवरच्या कुणी केलीय का हो तपासणी?
माईक शिट्टी वाजवून गप्प झाला.
पाटणकरांनी चष्मा पुसला. वकीलबाईंनी पाण्याचा पेला उचलला.
मुळ्ये सर म्हणाले, वेळ फार झाला, चहा थंड होतोय.

माझ्याकडे कुणीच बघितलं नाही.
मीच बघितलं.
अकरा वर्षं, रजिस्टरं किती भरली,
आणि त्यांत मी नाही.
सुई माझ्या हातात, म्हणजे बोट दुसऱ्याचं,
हे मी कधी ठरवलं, आठवत नाही.

सोमवारी खिडकी उघडायच्या आत
नव्या मुलीला, पूनम भदौरियाला, म्हटलं, बस माझ्या जागी.
ती गोंधळली. मग नियमाप्रमाणे सगळं विचारलं तिनं,
न हसता. चांगली शिकलीय.
टोचताना मात्र म्हणाली, दीदी, जरा दुखेल.
मी हे वाक्य कधीच म्हणत नाही.

मग बाकावर बसले, बाहेरच्या बाजूला.
हात मांडीवर, अंगठ्याखाली कापूस.
किती झाली असतील मिनिटं म्हणून वर पाहिलं
तर इकडून घड्याळ दिसतच नाही.
अकरा वर्षं ते माझ्याकडे तोंड करून आहे.

मंगळवारी शिपायाला सांगितलं,
खिळा समोरच्या भिंतीत मार.