हवा किती हवी

पंपावरचा पोरगा विचारतो, हवा किती हवी?
आणि उत्तराची वाट न बघता
पुढच्या गाडीला भरली तशीच
मागच्या ट्रेलरलाही तेहतीस भरायला लागतो.
थांब, मी म्हणतो. याला पासष्ट.
तो वर बघतो. काका, फुटेल.

नाही फुटत, बाळा.
दापोडीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
एस्टीच्या टायरांवर हात ठेवून काढलीत.
फुटतो तो कमी हवेचा.
त्याची कूस फुगते, आतल्या आत तापते,
आणि पुढे स्टिअरिंग धरून बसलेल्याला पत्ता नसतो.
ओढणाऱ्याला कळत नाही
मागचं चाक कधी बसलं ते.

खिडकीतून शालन म्हणाली,
हे लिहून ठेवा कुठेतरी.

भोसरीच्या अन्वर वेल्डरनं बांधलेला ट्रेलर.
दोन बर्थ, एक शेगडी,
पडद्यांना तिची विटलेली नारायणपेठी.
फंडाच्या पैशातला. पोरगा त्याला डबा म्हणतो.
सांगवीत, सोसायटीच्या कुंपणाशी,
तीन वर्षं उभा आहे.
एकदा सासवडपर्यंत गेला,
इस्त्री चालू राहिली की काय म्हणून परत आला.
(बंद होती.)

उभ्या टायरचीही हवा जाते.
खिळा नाही, काच नाही,
व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, बुडबुडा नाही.
तरी महिन्याला दोन पौंड कमी.
रबरातूनच जाते ती.
एवढं जाड, एवढं काळं रबर,
तेही धरून ठेवत नाही.

म्हणून दर रविवारी सहाला खाली उतरतो,
ऊन पाण्याच्या टाकीवरून सरकायच्या आत.
उन्हातलं चाक खोटं बोलतं, दोन पौंड जास्त सांगतं.
निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर
टायर सेक्शनच्या पोरांनी दिलेला पितळी गेज,
आणि दूधवाल्याच्या हिशेबाची जुनी वही.
डावा चौसष्ट. उजवा बासष्ट.
स्टेपनी अठ्ठावन्न, तिची कुणाला आठवण नसते.
एका रविवारी खाली तिच्या अक्षरात दिसलं:
शालन – विचारलं नाही.

यंदा एप्रिलात निघालो एकदाचे.
खेड-शिवापूरच्या अलीकडे चहाला थांबलो, दुपारचे दोन,
तेवढ्यात पोराचा फोन.
बाबा, विकून टाका तो डबा,
मला दुसऱ्या गाडीला जागा हवीय.
मी बोललो ते चहावाल्यानंही ऐकलं.

त्याच तंद्रीत उठून गेज लावला.
बहात्तर!
सकाळी पासष्ट होते, स्वतः भरले होते.
नख पिनेवर गेलं. सोडून द्यावेत सात पौंड, फुस्स करून.
शालननं मनगट धरलं.
तापलेल्याची हवा काढायची नसते.
तुम्हीच सांगायचात ना पोरांना?
आत्ता काढलीत तर पहाटे कमी भरेल.
गार होऊ द्या. सकाळी बघा.

मी नख काढलं.
फोन बाकावर पालथा ठेवला.
तिनं आणखी एक कटिंग सांगितला, साखर कमी.

भाटघरच्या पाण्याकाठी पहाट.
ट्रेलरच्या पत्र्यावर दव,
लांब कुणाची तरी म्हैस हंबरते.
गुडघे मोडून बसलो, गेज लावला.
डावा पासष्ट. उजवा चौसष्ट.
स्टेपनीही बघितली.
मग फोन सुलटा केला, रेंज नव्हती.

वहीवर पेन्सिल टेकवून विचारलं,
शालन?
ती दात घासत होती, तोंडभर फेस.
दोन्ही पंजे वर केले तिनं,
जरा विचार करून
एक करंगळी दुमडली.

नऊ लिहिले.
कितीपैकी, ते विचारायचं राहिलं,
कारण उजव्या व्हॉल्व्हचं टोपण हातातून निसटलं
आणि आम्ही दोघं
ओल्या गवतात वाकून
ते शोधत बसलो.