गाळलेली ओळ

शिकागो, चाळीस सालचा जानेवारी, पहाटेचे दोन.
बाहेर सरोवरावरून येणारा वारा, आत शिशाचा वास.
छापखान्यात आम्ही तिघं बहिरे जुळारी.
यंत्रांचा खडखडाट आमचं काय बिघडवणार,
म्हणून मालकाला सोयीचे.

आज महामानव आलेत माझ्या हाताखाली.
कपाळ घुमटाएवढं, ओठ मिटलेले.
ते बोलत नाहीत. त्यांचा विचार
या डोक्यातून त्या डोक्यात जातो, भिंत ओलांडून.
चौदाव्या पानावर लेखक थक्क होऊन विचारतो:
मुक्यानं बोलणारी ही जात
कुठल्या नव्या रक्तातून उपजली असेल?

मी मान वर करतो.
खोलीच्या त्या टोकाला कासिमिर बोटांनी सांगतोय
की सासूनं पुन्हा कोबीच केला.
ऐकू येणारा फोरमन आमच्या मधोमध उभा.
त्याला पत्ता नाही.

पुढचं पान. आता महामानव न्याय करतात:
सदोष बियाणं पेरू नये,
दुबळ्यांची वंशवेल इथंच खुडावी.
वाक्य छान आहे. तालात आहे.
डॉक्टर एब्बेसनला एवढं साधलं नव्हतं.
मागच्या गुरुवारी थेक्लाच्या पोटाकडे न बघता
त्यानं चिठ्ठी सरकवली होती:
तुमच्यासारख्या दोघांनी आधी विचार करायला हवा होता.
खाली सही, आणि तीन डॉलर.

ओळ यंत्रातून गरमच निघते,
उलटी, चकचकीत, बोटाएवढी.
उलटं वाचायची सवय आहे मला.
दोनदा वाचली
आणि परत सोडली वितळत्या भांड्यात.
शिसं कुरकुरत नाही.
त्याच शिशाची पुढं जाहिरात झाली,
टक्कल घालवणाऱ्या तेलाची.

मार्चात अंक निघाला. वाचकांची पत्रं आली,
तीही मीच जुळवली:
मीही त्यांच्यातलाच, मला मनं वाचता येतात.
डेलावेअरहून एक, टॅकोमाहून दोन.
एवढाल्या कपाळांत
ओळ गेल्याचं एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मे महिन्यात मुलगी झाली.
तिला ऐकू येतं की नाही, अजून कळलेलं नाही.
थेक्ला रात्री पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून झोपते.
पोर रडलं की लाकूड थरथरतं,
लाकडातून मनगटात, मनगटातून खांद्यात,
आणि डोळे उघडायच्या आधीच
ती पाजायला वळलेली असते.