डावा हात

केरीच्या पंचायतीत सकाळी साडेनऊला
उसेनू गेय आला तेव्हा मी शिक्का शोधत होतो.
सेनेगलचा. उंच. पायांत रबरी चपला,
शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवायला
सहा महिने बिनपगारी आलेला.
दाखल्याचा अर्ज हातात,
पण पुढे करीना.

मोडक्या कोकणीत म्हणाला, शांती आहे ना?
आहे.
घरची माणसं?
आहेत.
वडील? भाऊ? म्हैस? काजूची झाडं?
आहेत रे बाबा, कागद दे.
मग माझंच आडनाव घेतलं, दोनदा,
जिभेवर फिरवून बघितल्यासारखं:
गावस... गावस...
मागं रांगेत पुतू मांद्रेकर मोठ्यानं खाकरला.

वडिलांना अर्धांगवायू होऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललेलं.
खिडकीशी येणाऱ्या कुणी विचारलं नव्हतं.
मीही खोटंच सांगितलं होतं.

पुढं एकदा काजूच्या भट्टीपाशी बसलो असताना
त्याला ते सांगितलं. म्हणाला, खोटं नव्हे.
आम्हा वोलोफ माणसांत घरचे कुठं विचारलं
तर उत्तर एकच: तिथंच आहेत.
आजारी असोत, रुसून गेलेले असोत.
दुखणं मागाहून. बसल्यावर. हळू.
आल्या आल्या काम काढलंस
तर तू माणसाला नाही, खिडकीला भेटलास.

त्याला जुळा भाऊ, असान.
कुठं असतो, मी विचारलं.
तिथंच आहे, म्हणाला
आणि भट्टीत लाकूड सारलं.
मग बऱ्याच वेळानं बोटीचं सांगितलं,
बोटीत किती जण होते ते,
आणि आई अजून दोघांचं ताट वाढते ते.

एप्रिलात कदंबच्या थांब्यावर
त्यानं डावा हात पुढं केला.
मी दचकलो. डाव्या हातानं आम्ही
तुळशीचं पानसुद्धा घेत नाही.
चूकच आहे, तो म्हणाला, मुद्दाम करायची.
लांब जाताना. म्हणजे ती निस्तरायला
परत यावं लागतं.
कंडक्टरनं घंटी मारली.
माझा डावा हात घामेजला होता, तरी दिला.

काल पुतू खिडकीशी आला.
सचिवबाब, तो कोच खंय गेलो?
थंयच आसा, मी म्हटलं.
त्यानं घरपट्टीचा कागद आत सरकवला.
मी अजून उचलला नव्हता.
त्याच्या म्हशीचं विचारायचं राहिलं होतं.