उकंड्यावरचं कोहळं

कोणी लावलं नव्हतं.
भांड्यांच्या पाण्यावर वेल वाढला,
कोठ्याच्या टिनावर चढला
आणि एक कोहळं ठेवून वाळला.

आश्विन सरत आला. घरात सांभार नाही, भेदरं नाही.
पंचफुला अजून कपाशीतच.
मी विळ्यानं ते फोडतो,
बिया राखेत घोळून ठेवतो.

फोडी गंजात. मेथीदाणे जरा करपलेच.
गुळाचा खडा मुंग्यांशी वाटून घेतला.
वर अंबाडीची चार लाल बोंडं,
तिला आंबट लागतंच.

दिवा लागल्यावर ती येते,
केसांत कापसाचे तंतू.
भाकर मोडते, पहिल्याच घासाला थांबते.
‘मीठ?’
‘भुललो.’

मी डबा सरकवतो. ती हात मागं घेते.
दिवसभर बोंडांनी ओरबाडलेली बोटं.
‘तुमीच टाका,’ म्हणते,
‘मले झोंबते.’