कशाले पायजे

दुपारी दोनला कूलर घरघरत असतो,
वाळ्याच्या ओल्या वासात मी पलंगावर बसून
स्वतःचीच ओळख पाठ करते.
नाव. वय एकोणतीस. शिक्षण, मेकॅनिकल.
पाच वर्षं कोराडीला, पंप आणि बॉयलर देखभाल.
आणि मग ते वाक्य, जिथे दरवेळी जीभ अडते:
आता मला भाषाविज्ञान शिकायचं आहे.

प्रज्योत खुर्ची उलटी टाकून परीक्षक झालाय.
बाबांचा चष्मा लावलाय त्यानं.
"मॅडम, नळ्या सोडून व्याकरण?
पगार सोडून वसतिगृहाची खाट?"
आणि स्वतःच फिसकन हसतो.
आई आतून ओरडते, हसू नको,
खरंच विचारतील असं.

संध्याकाळी देव मॅडमकडे, धरमपेठेत.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
हातातलं लाल पेन सुटलेलं नाही.
"'हाव' नाही, 'हो'.
'विचार करून राहिले होते' नाही, 'करत होते'.
मुलाखत पुण्याला आहे ना?"
हाव, म्हणते मी.
मॅडम पेन खाली ठेवतात.

परतताना गोकुळपेठेच्या बाजारात गाडी बंद करून उभी राहते.
एक बाई भेंडीवाल्याला म्हणत असते,
"काऊन रे भाऊ, कालचीच देऊन राह्यला ना?"
मी त्या शेवटच्या "ना"वर थबकते,
जशी थबकायची वाफेच्या बारीक शिट्टीवर,
मान तिरपी करून,
गळती नेमकी कुठे ते शोधत.

हे पॅनेलला सांगायला हवं.
पण अर्जासोबतच्या दोन पानांत ते बसलं नाही.
तिथे मी लिहिलंय, आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन.
घरात कोणालाच हा शब्द एका दमात म्हणता येत नाही.
मलाही नाही.

झालं होतं ते असं.
रात्रपाळी, तीन वाजून गेलेले.
टेंभुर्णेकाकांनी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवलं,
दुसरं कानाशी नेलं, डोळे मिटले.
"पोरी, हा कण्हून राह्यला."
मी लॉगबुकात लिहिलं,
ॲबनॉर्मल साउंड ऑब्झर्व्ड.
सकाळी पंप उघडला तर बेअरिंग खाल्लेलं.
काकांकडे कण्हणं होतं, कुरकुरणं होतं,
रुसणं, दात खाणं, झोपेत बरळणं,
मोजले तर एकोणीस आवाज.
माझ्याकडे एक, तोही इंग्रजीत.

तेव्हापासून लॉगबुकाची मागची पानं
भलत्याच नोंदींनी भरत गेली.
साहेबांनी एकदा पाहिली. काही बोलले नाहीत.
तेही उमरेडचे.

आज रात्री ती यादी पुन्हा काढली.
गाडी परवाची, बॅग अर्धी भरलेली.
एका शब्दापुढे माझंच जुनं प्रश्नचिन्ह.
काकांना फोन लावला, ते पाळीवर होते.
काका, खरखर आणि खुरखुर यात फरक काय?
थोडा वेळ नुसता पंप ऐकू आला.
"कशाले पायजे तुले हे?"

हाच प्रश्न. देव मॅडमनी तीन प्रकारे विचारलेला,
प्रज्योतने चष्म्याआडून,
आणि ज्याचं उत्तर एव्हाना
कपाटाच्या आरशालाही पाठ झालंय.
त्यातली पहिली ओळ मी म्हणाले
आणि फोनवर, अंधारात, माझी मलाच लाज वाटली.
मग म्हणाले, माहीत नाही काका.
तुम्ही डिसेंबरात रिटायर होऊन राहिले.
मग पंप कण्हला तर कोणाला कळणार?

"कण्हन तर तो तसाबी," काका म्हणाले,
आणि खोकले, आणि कोणाला तरी बाजूला हो म्हणाले.
"थांब. फोन जवळ नेतो त्याच्या.
ही खरखर होय. आयकली?
आता खुरखुर. हे पाय, आतून येते."

मला काहीच ऐकू येईना.
मी उठून कूलर बंद केला.