लेकी बोले

टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून
जेवणाच्या सुट्टीत मी कॉन्स्टँटिनोपलला जातो.
डबा खुर्चीखाली, परवानगी नसताना,
आणि समोर कुणा मठवासी बखरकाराचं जाडजूड भाषांतर,
मधली चार पानं वाळवीनं वाचून संपवलेली.

बुवा हुशार.
आपला सम्राट जिवंत असेतो त्याचा चेहरा सूर्य,
भुवया धनुष्य, न्याय सोनाराच्या काट्यासारखा.
मेला, की पुढच्याच प्रकरणात
सुजलेले पाय, घोरणं, खजिन्याच्या किल्ल्या उशाखाली.
शाई तीच.

परका राजा असेल तर प्रश्नच नाही.
उत्तरेकडून कुणीही घोडा उडवत आला की तो सिथियन.
सिथियन संपून हजार वर्षं झाली, तरी.
हसलो मी. मग आठवलं,
खेतवाडीत आमच्या छापखान्यात कागदाची रिमं उतरवणारा लल्लन
गेली अकरा वर्षं नुसता भैया,
आणि बाइंडर सेल्वराज, मदुराईचा, मद्रासी.
हसू डब्यात परत ठेवलं.

पान तीनशे बारा.
इथं मात्र बुवाला काय झालं कळेना.
वेढा घालून बसलेल्या रानटी खानाबद्दल लिहितो:
सैन्य जेवल्याशिवाय तो जेवत नसे.
त्याच्या तंबूला पहारा नव्हता.
एका म्हातारीची शेळी शिपायांनी खाल्ली
तर स्वतःची घोडी देऊन मोकळा झाला.
शत्रूचं एवढं कौतुक?
पुन्हा वाचलं, तेव्हा तटाच्या आतला आवाज ऐकू आला.
लेकी बोले, सुने लागे.
सम्राट त्या हिवाळ्यात कोठारातला गहू विकत होता.

अडीचला प्रेसवर.
साहेबांच्या साठीचा गौरवग्रंथ, आर्ट पेपर, दोनशे पानं,
पतपेढीच्या खर्चानं.
सूर्य झाला, काटा झाला, वटवृक्ष तर दोनदा.
प्रुफं तपासता तपासता मी एक परिच्छेद घुसवला,
आधीचे अध्यक्ष कै. मेघजीभाई गाला यांच्यावर:
पासबुक भरायला ते स्वतः रांगेत उभे राहत.
हप्ता थकलेल्या बाईचं मंगळसूत्र
त्यांनी कधी तिजोरीत ठेवून घेतलं नाही.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं.
मी सेल्वराजच्या सुईतल्या दोऱ्याकडे पाहत राहिलो.
वा, म्हणाले, डोळ्यांत पाणी आणलंत.
हे ठळक टाईपात घ्या.
आणि बाजूला
माझा फोटो टाका.